रूझवेल्टांच्या घरातल्या दोघी

एलिनॉर आणि ॲलिस, सख्ख्या चुलत बहिणी, दोघी १८८४ च्या, दोघी न्यूयॉर्कच्याच. सतराव्या शतकात हॉलंडहून आलेल्या एका डच माणसाचं हे रूझवेल्ट घराणं. ॲलिस दोन दिवसांची असताना तिची आई गेली, आणि एलिनॉरचे तर आईवडील दोघंही ती दहाची व्हायच्या आत गेले.

ॲलिस म्हणजे प्रेसिडेंट थिओडोरची लेक. वडील म्हणाले माझ्या छपराखाली सिगरेट ओढायची नाही, तर ही व्हाइट हाऊसच्या छपरावर जाऊन ओढायची असं सांगतात! हुशार होती, जीभ तिखट, अख्खं वॉशिंग्टन टरकून असायचं. पण चारचौघांत ती एलिनॉरची नक्कल करायची, आवाजाची, दातांची, ते मला खरंच लागतं. आपल्याकडे लग्नकार्यात दोन बहिणींची तुलना सुरू झाली की एक जण कशी गप्प होते ते सगळ्यांनी पाहिलंय.

एलिनॉर मात्र काम करत राहिली. १९३३ मध्ये तिचा नवरा फ्रँकलिन रूझवेल्ट अमेरिकेचा प्रेसिडेंट झाला, आणि तेव्हापासून तिच्या प्रेस कॉन्फरन्सला फक्त बायका पत्रकारांना एंट्री, म्हणजे बातमी हवी तर पेपरवाल्यांना बाई नोकरीवर ठेवणं भागच! मग १९३५ च्या शेवटी 'माय डे' हा कॉलम सुरू केला तो १९६२ पर्यंत चालला, त्यातली बहुतेक वर्षं आठवड्याला सहा दिवस, नवरा गेला तेव्हा फक्त चार दिवस खंड. ॲलिसनेही कॉलम लिहून पाहिला, टिकला नाही. रोज लिहायचं, रोज लोकांत जायचं आणि तेच परत लिहायचं, मला तर हे कुठल्याही टोमण्यापेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

आणि मुंबईकरांनी हे तर माहीत करून घ्यायलाच हवं की मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्या युनोच्या कमिशनची अध्यक्ष एलिनॉर होती आणि भारताकडून तिथे होत्या हंसाबेन मेहता, आपल्या चर्चगेटच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या कुलगुरू राहिलेल्या. मसुद्यात 'सगळे पुरुष' अशा अर्थाचं वाक्य होतं, एलिनॉरला त्यात काही गैर वाटत नव्हतं, पण हंसाबेन हटल्या नाहीत आणि शेवटी 'सगळी माणसं' झालं. १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये जाहीरनामा मंजूर झाला. चर्चगेटच्या त्या कॉलेजात रोज जाणाऱ्या किती मुलींना हे कोणी सांगितलंय?

'माय डे'चे जुने कॉलम नेटवर फुकट वाचता येतात, डिसेंबर १९४८ पासून सुरुवात करा.