डाव्या चाकाचा नट : बीटलचे व्हील बेअरिंग घरी बदलताना

पुढच्या चाकाचे बेअरिंग बदलण्याचे प्रत्यक्ष काम एका शनिवारचे आणि एका रविवारच्या सकाळचे होते, तरीही आमची गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ४३ दिवस स्टँडवर उभी राहिली आणि ती एका नटापायी उभी राहिली. हे लिहिताना अजूनही माझा राग पुरता शमलेला नाही, आणि जुनी बीटल बाळगणाऱ्या दुसऱ्या कोणावर ही वेळ येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

गाडी १९६७ सालची फोक्सवॅगन बीटल, १३०० चे मॉडेल. बाबांनी ती माझ्या जन्माआधी सेकंडहँड घेतली आणि गेली काही वर्षे तिची देखभाल माझ्याकडे आहे. मार्चमध्ये मुळशीच्या रस्त्याने येताना पुढून एक घरघर ऐकू येऊ लागली. वेग वाढला की ती वाढे आणि उजवीकडचे वळण घेताना स्पष्ट होई. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर येतो, त्यामुळे संशय डाव्या बेअरिंगवरच होता. घरी आल्यावर गाडी जॅकवर घेतली, चाक वर आणि खाली धरून हलवले, तर हाताला खेळ, म्हणजे ढिलेपणा जाणवला. असा खेळ बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला वळू देणारा सांधा, झिजल्यानेही येतो, म्हणून बाबांना ब्रेक दाबून धरायला सांगितले आणि पुन्हा चाक हलवले. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला, म्हणजे दोष बेअरिंगचाच. ही चाचणी केल्याशिवाय कोणीही सामान मागवू नये.

फोक्सवॅगनने ऑगस्ट १९६५ पासून बीटलच्या पुढच्या चाकांना टेपर रोलर बेअरिंग बसवायला सुरुवात केली. त्याआधीच्या गाड्यांना बॉल बेअरिंग आहेत. त्यामुळे दुकानदाराला नुसते ‘बीटलचे बेअरिंग’ सांगून भागत नाही, साल सांगावे लागते. बेअरिंग मला नाना पेठेत दोन दिवसांत मिळाली. मी खोके उघडून रेसवर, म्हणजे बेअरिंगच्या कड्यावर कोरलेला नंबर आणि खोक्यावरचा नंबर ताडून पाहिला, कारण नकली बेअरिंगचा सुळसुळाट आहे आणि चाकाच्या बाबतीत शंभर-दोनशे रुपये वाचवण्यात काही अर्थ नाही.

चाक काढणे, ग्रीस कॅप काढणे यांत सांगण्यासारखे काही घडले नाही. इतकेच लक्षात ठेवावे की, ज्या चाकातून स्पीडोमीटरची केबल येते त्याच्या कॅपमधून केबलचे चौकोनी टोक बाहेर आलेले असते आणि त्याला छोटी क्लिप असते. ती आधी काढली नाही, तर कॅप ओढताना केबल तुटते.

खरे काम सुरू झाले ते नटापाशी. चाक ज्या दांड्याभोवती फिरते त्याला स्टब म्हणतात आणि हा नट बेअरिंगला स्टबवर धरून ठेवतो. आमच्या गाडीला चिरलेला क्लँप नट आहे. त्याच्या चिरेतून एक ॲलन स्क्रू आडवा जातो. तो आवळला की नट स्टबच्या आट्यांना घट्ट पकडतो, मग कॉटर पिनेची गरज राहत नाही. मी ॲलन की लावणार, तोच खुर्चीवर बसलेले बाबा म्हणाले, “डाव्या चाकाचा नट उलटा सुटतो बरं का. नेहमीसारखा फिरवशील, तर आवळत जाईल.” हे मला ठाऊक होते, पण त्यांनी आठवण करून दिली ते बरेच झाले. गाडी पुढे जाताना डाव्या बाजूने पाहिले, तर डावे चाक घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. नेहमीचे आटे असते, तर चाकाच्या फिरण्याने नट सैल होण्याचा धोका राहिला असता. म्हणून डाव्या स्टबला डावे आटे दिलेले आहेत. उजव्या चाकाला नेहमीचेच आटे असतात.

नटाच्या कडांवर छिन्नीचे जुने घाव होते. पूर्वी कधीतरी एखाद्या मेस्त्रीने तो चुकीच्या दिशेने ठोकून पाहिला असणार. मी ॲलन स्क्रू सैल केला आणि नट योग्य दिशेने जेमतेम अर्धा आटा फिरवला, तोच स्क्रूजवळचा कान तुटून हातात आला. तुटलेल्या जागी निम्मा भाग काळा पडलेला आणि निम्मा चकचकीत होता, म्हणजे तडा जुनाच होता आणि इतके दिवस आम्ही त्या निम्म्या कानाच्या भरवशावर हिंडत होतो. हे पाहिल्यावर तो नट पुन्हा वापरण्याचा प्रश्नच उरला नाही.

दुसऱ्या शहरातल्या, जुन्या गाड्यांचे सामान विकणाऱ्या एका दुकानाला मी फोन केला. ‘१९६७ ची बीटल, डावे चाक, डाव्या आट्यांचा क्लँप नट’ हे शब्द मी दोनदा उच्चारले आणि लिहूनही पाठवले. बारा दिवसांनी पार्सल आले. नट हाताने स्टबवर लावून पाहिला, तर तो पहिल्या आट्यालाच अडला. पुन्हा फोन केला, तेव्हा मिळालेले उत्तर मी विसरू शकत नाही : “मॅडम, नट सगळे सारखेच असतात. फिरत नाही म्हणजे तुमच्या स्टबचे आटे गेलेत. पाना लावून जरा जोर द्या, बसेल.”

हा सल्ला ऐकून एखाद्याने खरोखरच पाना लावला असता, तर कठीण पोलादाचा उजवा नट डाव्या आट्यांवर चढवताना स्टबच खराब झाला असता, आणि नटापेक्षा स्टब मिळवणे कितीतरी अवघड आणि महाग आहे. सामान विकणाऱ्याला नट ओळखता आला नाही हे एक वेळ समजू शकते. पण आपण पाठवलेला भाग न तपासता समोरच्याच्या गाडीत दोष काढायचा आणि वर जोर लावायला सांगायचे, हे मला अक्षम्य वाटते. मी काय केले, तर उजव्या चाकाची कॅप काढली, तिथला नट सोडवला आणि नवा नट त्या स्टबवर लावला. तो दोन बोटांनी सरळ आत गेला. म्हणजे नट उजव्या आट्यांचा होता हे सिद्ध झाले. ही चाचणी कोणालाही पाच मिनिटांत करता येते. त्याचे फोटो मी दुकानाला पाठवले आणि त्यांनी बदली नट पाठवण्याचे कबूल केले.

आणखी चौदा दिवसांनी बदली नट आला. तोही उजवाच निघाला.

त्या संध्याकाळी मी दोन्ही पाकिटे टेबलावर शेजारी ठेवून बराच वेळ पाहत बसले, तेव्हा कुठे जी गोष्ट आधीच पाहायला हवी होती ती दिसली. फोक्सवॅगनच्या पार्ट नंबरांमध्ये डाव्या-उजव्या जोडीच्या भागांना साधारणपणे लागोपाठचे दोन क्रमांक असतात आणि त्यांतला विषम क्रमांक डाव्या बाजूचा, सम क्रमांक उजव्या बाजूचा असतो. दोन्ही पाकिटांवरचा शेवटचा अंक सम होता. पाकीट फोडण्याचीही गरज नव्हती. दुकानातल्या माणसाने लेबलावरचा एक अंक वाचला असता, तर माझे चार आठवडे वाचले असते. ऑर्डर देताना तोंडी वर्णन न करता पूर्ण पार्ट नंबर लिहून द्यावा आणि माल निघण्याआधी लेबलाचा फोटो मागवावा, हे मी या प्रकरणातून शिकले.

मधल्या काळात आमच्या भागातल्या लेथवाल्या काकांकडेही जाऊन आले. तुटलेला नट त्यांनी भिंगाखाली धरून पाहिला आणि म्हणाले, “डावे आटे मी काढून देईन, त्यात अवघड काही नाही. पण मूळ नट कुठल्या पोलादाचा आणि त्याला पाणी कसं दिलंय, ते मला सांगता येणार नाही. चाकाचा नट आहे, ताई. मिळत असेल तर मूळचाच लावा.” काम मिळत असताना त्यांनी नको म्हटले, याचा मला फार आदर वाटला. सोसायटीतून गाडी कधी हलवणार अशी दोनदा विचारणा झाली, तरी मी त्यांचेच ऐकले. शेवटी पार्ट नंबर देऊन जर्मनीतून नट मागवला आणि पंधराव्या दिवशी तो हातात पडला. या गाड्यांचे उत्पादन मेक्सिकोतल्या पुएब्ला येथे ३० जुलै २००३ पर्यंत चालू होते, त्यामुळे सामान अजून मिळते. फक्त योग्य माणसाकडे मागावे लागते.

वाट पाहण्याच्या दिवसांत बाकीचे काम उरकून घेतले होते. ब्रेकच्या ड्रममधले दोन्ही जुने कप, म्हणजे बेअरिंगची बाहेरची कडी, पितळी पंचाने आतून आलटूनपालटून ठोकून काढले. एकाच बाजूला ठोकत राहिले, तर कप तिरका होऊन अडकतो. नवे कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले आणि ड्रम एप्रिलच्या उन्हात फरशीवर तापू दिला. मग जुनाच कप बाहेरून थोडा घासून नव्यावर ठेवला आणि हातोडीचे हलके ठोके दिले. कप तळाला टेकला की ठोक्याचा बद्द आवाज जाऊन खणखणीत आवाज येतो. तो कानाने ओळखायचा असतो. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. हे खरे तर सुरुवातीलाच सांगायला हवे होते.

ग्रीस भरताना बेअरिंग नुसते वरून माखून चालत नाही. तळहातावर लिंबाएवढे ग्रीस घ्यावे आणि बेअरिंगची रुंद बाजू तळहाताच्या कडेवर दाबत, ओढत राहावे. थोड्या वेळाने रोलरच्या फटींतून ग्रीसचे बारीक मणी वर येऊ लागतात. ते चहूबाजूंनी आले की बेअरिंग भरले असे समजावे. ग्रीस कॅप मात्र ठासून भरू नये. कप, बेअरिंग आणि आतले सील हे तिन्ही नवेच घालावे. नव्या बेअरिंगखाली जुना कप ठेवणे म्हणजे केलेले काम वाया घालवणे.

नट आला त्या रविवारी सकाळी तो स्टबवर दोन बोटांनी, उलट्या दिशेने, अलगद चढला, तेव्हा बाबा खुर्चीवरून उठून जवळ आले. ड्रम फिरवत फिरवत नट थोडा आवळला, म्हणजे बेअरिंग जागेवर बसतात, आणि मग तो सैल केला. पुस्तकाप्रमाणे ड्रमला ०.०३ ते ०.१२ मिलिमीटर एवढा खेळ हवा. मी डायल गेजने ०.०६ वर आणला. गेज नसेल, तर नटामागचा वायसर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने जेमतेम सरकला पाहिजे : अडला तर नट घट्ट आहे, सहज हलला तर सैल. बेअरिंगला ताण देऊन नट आवळणे ही सर्वांत वाईट चूक आहे, कारण त्याने नवे बेअरिंगही तापून जाते. शेवटी ॲलन स्क्रू आवळला आणि खेळ पुन्हा मोजला, कारण आवळताना तो किंचित बदलतो.

तीस किलोमीटर चालवून आल्यावर ड्रमला हात लावला, तर तो कोमट होता. तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा मोजला तेव्हा खेळ ०.०७ भरला आणि घरघर पूर्ण गेली आहे. दोन्ही उजव्या नटांचे पैसे मला अजून परत मिळालेले नाहीत. त्यासाठी दर सोमवारी मी त्या दुकानाला एक पत्र पाठवते, सोबत लेबलांचे फोटो जोडते आणि शेवटच्या अंकाभोवती लाल वर्तुळ काढते.