टेपिंगची डायरी: अकरा शो टेप, शेअर फक्त चार

मंडळी, बऱ्याच दिवसांनी अपडेट टाकतोय. एप्रिल ते ऑक्टोबर सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात एकूण अकरा शो टेप केले, म्हणजे प्रेक्षकांत माइक लावून रेकॉर्ड केले, सगळे फोक-अमेरिकाना, म्हणजे फिडल (व्हायोलिनच ते), बँजो, गिटार, फार तर एखादा डबल बास, आणि त्यातले आत्तापर्यंत चारच शेअर झालेत. बायको म्हणते हा स्ट्राइक रेट घेऊन गल्लीतल्या टीममध्येपण नसतं घेतलं तुला.

आधी उरलेल्या सातांचा हिशोब देऊन टाकतो. दोन शोंना परवानगीचं उत्तरच आलं नाही, त्यामुळे ते माझ्या हार्ड डिस्कवर आणि तिथेच राहणार. एक वाऱ्याने खाल्ला, एक मी स्वतः गेन (म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी) वर ठेवून फाडला. एका गायिकेने शोमध्ये तीन नवीन गाणी म्हटली, ती तिच्या पुढच्या अल्बममध्ये येतायत, म्हणून ती म्हणाली वसंतापर्यंत थांब, तर थांबलोय. आणि दोन निव्वळ आळस, टेक्स्ट फाइल अर्धवट.

जे नवीन आलेत त्यांच्यासाठी, परवानगीचं एवढं काय घेऊन बसलात हे विचारू नका प्लीज. इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावरचं लाइव्ह म्युझिक आर्काइव्ह २००२ मध्ये सुरू झालं तेव्हापासून नियम हाच, बँडची परवानगी असेल तरच रेकॉर्डिंग चढवायचं, आणि पैशाचा व्यवहार शून्य. यॉन्डर माउंटन स्ट्रिंग बँड, रेलरोड अर्थ, ग्रीनस्काय ब्लूग्रास अशी मंडळी टेपर्सना मोकळं सोडतात म्हणून त्यांचे ढीगभर शो तिथे आहेत. पण घरातल्या बैठकीत वाजवणारी जोडी असते ना, त्यांचं असं काही धोरण वगैरे ठरलेलं नसतं, तिथे सरळ जाऊन विचारायचं, शोच्या आधी, आणि शेअर करायच्या आधी परत एकदा.

टेपिंग म्हटलं की लोकांना ग्रेटफुल डेड हा रॉक बँड आठवतो, त्यांनी १९८४ मध्ये टेपर्सना साउंडबोर्डच्या (सगळे माइक जिथे जोडलेले असतात त्या आवाजाच्या टेबलाच्या) मागे वेगळी जागाच देऊन टाकली वगैरे. पण मला त्याच्या मागची गोष्ट जास्त आवडते. डेडचा गिटारवाला जेरी गार्सिया मुळात बँजोवाला, आणि १९६४ मध्ये, म्हणजे डेड जन्मायच्या आधी, तो आणि त्याचा मित्र सँडी रॉथमन कॅलिफोर्नियातून गाडी घेऊन थेट पूर्वेकडे गेले, टेपरेकॉर्डर बरोबर घेऊन, ब्लूग्रासचे, म्हणजे बँजो-फिडलवाल्या अमेरिकन लोकसंगीताचे, शो टेप करत. इंडियानातलं बीन ब्लॉसम, जिथे ब्लूग्रासचा जनक बिल मन्रो याचं ठाणं, तिथपर्यंत. म्हणजे पुढे ज्याचे हजारो शो लोकांनी टेप केले तो आधी स्वतःच आपल्यासारखा मायक्रोफोन धरून उभा होता. शिकायला दुसरा रस्ताच नव्हता ना, रेकॉर्डवर तीन मिनिटांचं गाणं, आणि खरं वाजवणं सगळं स्टेजवर.

आता गियर, पटकन. दोन छोटे कंडेन्सर माइक, ओआरटीएफ पद्धतीने, म्हणजे दोघांत १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन. दिवाणखान्यात चाळीस खुर्च्या असल्या तर ही मांडणी मस्त चालते, बँजो डावीकडे, फिडल उजवीकडे, डोळे मिटले की बसल्या जागा कळतात. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, तासाला साधारण एक जीबी. नंतर फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काही न गमावता फाइल लहान करणारा फॉरमॅट. एमपी३ कोणी मागितलं तर फोनपुरतं देतो पण ते पुढे फिरवायचं नाही, कारण कोणीतरी तेच परत फ्लॅक करतो आणि मग तोच ओरिजिनल म्हणून हिंडायला लागतो, एमपी३ करताना एकदा उडालेलं परत येत नाही हे सांगून सांगून दमलो.

वाऱ्याचा किस्सा असा की एका बागेतला छोटा शो, दुपारी एकदम शांत, मी फरचं कव्हर (इथे याला मेलेलं मांजर म्हणतात, आणि दिसतंही तसंच) गाडीत ठेवून आलो. चारनंतर समुद्राकडून जो वारा सुटला तो पूर्ण सेटभर, हेडफोनमध्ये ट्रक चालल्यासारखं. खालच्या फ्रिक्वेन्सी कापून बघितल्या, तर वाऱ्याबरोबर बासही गेला. डिलीट नाही केलं, पण शेअरही नाही करणार. हार्डली स्ट्रिक्टली ब्लूग्रास या सॅन फ्रान्सिस्कोतल्या महोत्सवाला या वेळी मुद्दाम काही न घेता गेलो, नुसता ऐकायला. गोल्डन गेट पार्क, तिकीट नाही, २००१ पासून असंच, वॉरन हेलमन नावाच्या पैसेवाल्या गृहस्थाने सुरू केलेलं, जो स्वतः बँजो वाजवायचा. त्याच्या नावाच्या हिरवळीवर चटई टाकून पडलो आणि मधे उंच स्टँडवरचे टेपर्सचे माइक बघून हात शिवशिवत होते, पण ठीक आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मॅट्रिक्स मिक्समध्ये, म्हणजे साउंडबोर्डचं आणि माझ्या माइकचं रेकॉर्डिंग एकत्र करण्यात. एका हॉलमध्ये साउंडवाल्या पोराने आपणहून बोर्डची फीड दिली, देव त्याचं भलं करो. बोर्डवर आवाज एकदम स्वच्छ पण कोरडा, टाळ्या जणू शेजारच्या घरात. माझ्या माइकमध्ये हॉलची हवा आहे पण दूर. दोन्ही मिसळायचे तर आधी जुळवावे लागतात, कारण मी स्टेजपासून २५ मीटरवर, आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे माझा ट्रॅक ७३ मिलिसेकंद मागे. ते सरकवलं, पहिलं गाणं झकास. शेवटच्या गाण्याला पोचलो तर फिडलच्या मागे दुसरी फिडल! दोन रेकॉर्डर, दोघांचं घड्याळ किंचित वेगळं, सत्तर मिनिटांत शंभराच्या वर मिलिसेकंदांचा फरक पडला होता. मग पहिल्या गाण्यात एक आणि शेवटच्या गाण्यात एक अशी ठळक टाळी पकडून एक ट्रॅक केसभर ताणला. तीन रात्री गेल्या. लांबच्या टाळ्या थोड्या खाली आणल्या, बाकी ईक्यूला (फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करण्याला) हात लावला नाही.

आणि टेक्स्ट फाइल. कोण, कुठे, कधी, कुठला माइक, कुठला रेकॉर्डर, मग कुठलं सॉफ्टवेअर, क्रमाने. इथे याला लिनिएज म्हणतात, आपण वंशावळ म्हणू. मला याचं महत्त्व पुण्याला बाबांच्या कपाटाने शिकवलं. मैफिलींच्या पन्नासेक कॅसेट, एकीवर नुसतं ‘दादर, बहुतेक ७९, मारवा’. कोण गातंय ते लिहिलेलंच नाही, कारण तेव्हा बाबांना ते माहीत होतंच की! कोणाकडून कॉपी केली, ती कितवी कॉपी, काही पत्ता नाही. आता विचारायला बाबाही नाहीत.

एवढं सगळं शहाणपण असूनही जुलैच्या घरगुती शोमध्ये मी नेमकं तेच केलं. जुन्या ढंगाची फिडल-बँजो जोडी, हे लोक सूर बदलला की वाद्यं नव्याने लावतात, फिडलच्या चार तारा जी-डी-ए-ई या सुरांवरून ए-ई-ए-ई वर, बँजोचंही तसंच, त्यामुळे मधेमधे दोन-दोन मिनिटं नुसती खुंटी पिळणं आणि गप्पा. मी म्हटलं ऐकणाऱ्याला कंटाळा येईल, म्हणून सगळं मिळून सहा मिनिटं कापली आणि त्या जोडीला तपासायला फाइल पाठवली. फिडलवाल्या बाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. वाजवलेलं आवडलं, पण ते लावणं कुठे गेलं? चौथ्या चालीच्या आधी लावता लावता त्या सांगत होत्या की ही चाल त्यांना कोणाकडून मिळाली, त्या म्हाताऱ्याला कोणाकडून, आणि त्याच्या गावात हिला वेगळंच नाव होतं. मी सेटलिस्टमध्ये चालीचं नाव इंटरनेटवरून शोधून लिहिलं होतं, ते अर्थातच चूक. माइकची वंशावळ बारा ओळींची, आणि चालीची मी कापून टाकलेली.

सहाच्या सहा मिनिटं परत टाकली, खुंट्यांच्या करकरीसकट. सेटलिस्टमध्ये आता बाईंनी सांगितलेलं नाव, पुढे कंसात त्या गावातलं दुसरं नाव, आणि फिडल कशी लावली होती तेही. हाच तो चौथा शेअर.

पुढचा शो तीन आठवड्यांनी आहे, परवानगी आलीये. कोणाकडे छोट्या स्टँडला बसणारा ओआरटीएफ बार पडून असेल तर सांगा, माझ्याचा स्क्रू गेलाय आणि सध्या रबरबँडवर काम चाललंय.