रात्रीच बंद पडणारा कॅमेरा

दिवसभर स्वच्छ दिसणारा सीसीटीव्ही कॅमेरा अंधार पडला की काळा होतो, थोड्या वेळाने परत येतो, पुन्हा जातो. अशा वेळी बहुतेक जण कॅमेरा बदलतात आणि नवा कॅमेराही तेच करतो. दोष बहुधा वायरीत असतो.

आधी मल्टिमीटर घ्या आणि कॅमेऱ्याच्या टोकाला, कॅमेरा जोडलेला असताना, रात्री व्होल्टेज मोजा. एसएमपीएसपाशी (कॅमेऱ्यांना वीज देणाऱ्या सप्लायपाशी) १२ व्होल्ट दिसले म्हणून समाधान मानू नका. दिवसा दीडशे मिलिअँपिअर घेणारा कॅमेरा आयआर एलईडी (अंधारात पाहण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे) लागल्यावर सहज चारशे घेतो. ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याची तार ६० मीटर नेली, तर जाऊन-येऊन १२० मीटर होते आणि तिचा रोध साधारण ४.१ ओम भरतो. म्हणजे दिवसा ०.६ व्होल्ट गळतात, रात्री १.६ पेक्षा जास्त. कॅमेऱ्याला उरतात १०.४. बऱ्याच कॅमेऱ्यांना १२ व्होल्टच्या १० टक्के खाली, म्हणजे १०.८ पर्यंतच चालतं. मग तो रीस्टार्ट होतो, एलईडी विझतात, व्होल्टेज वर येतं, पुन्हा एलईडी लागतात. तीच फेरी रात्रभर.

उपाय म्हणजे जाड तार, किंवा कॅमेऱ्याजवळ वेगळा अ‍ॅडॅप्टर. एसएमपीएसचा छोटा स्क्रू फिरवून १३ व्होल्ट करण्याची पद्धत आहे, पण त्याच सप्लायवर जवळचे कॅमेरेही असतील तर त्यांना पूर्ण १३ मिळतात. मला ते पटत नाही.

आता व्हिडिओची तार. साध्या अ‍ॅनालॉग कॅमेऱ्याचं सगळं चित्र आत एक तार आणि भोवती जाळी असलेल्या एका कोअ‍ॅक्सवरून १ व्होल्टच्या सिग्नलमध्ये येतं: खालचे ०.३ व्होल्ट सिंकचे (ओळीची सुरुवात सांगणाऱ्या खुणेचे), वरचे ०.७ उजेडाचे. पाल (PAL) या व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं, प्रत्येकात ६२५ ओळी, दर ओळीला ६४ मायक्रोसेकंद. नवी ओळ कुठे सुरू होते हे डीव्हीआरला (चित्र साठवणाऱ्या रेकॉर्डरला) सिंकवरूनच कळतं. म्हणून सिंक कमकुवत झालं की चित्र वाकडं होतं किंवा वर-खाली सरकत राहतं. रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झवर असते. लांब केबलमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सी आधी गळतात, त्यामुळे आधी रंग फिके पडतात, कडा मऊ होतात, पण कृष्णधवल चित्र टिकून राहतं. नुसता रंग गेला असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये वेळ घालवण्याआधी केबलची लांबी आणि बीएनसी (केबलच्या टोकाचा कनेक्टर) तपासा.

केबल घेताना आतल्या तारेला चुंबक लावून पाहा. चिकटला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी तार आहे. डिश अँटेनासाठी ती उत्तम चालते, कारण तिथल्या उंच फ्रिक्वेन्सी वरच्या तांब्यातूनच वाहतात. साध्या व्हिडिओत मात्र अगदी खालच्या फ्रिक्वेन्सीही असतात आणि त्यांना अख्खी तार लागते. चुंबक चिकटला नाही तरी तार खरवडा: आत पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियम आहे.

शेवटच्या टोकाला ७५ ओमचं टर्मिनेशन (सिग्नल परत फिरू नये म्हणून टोकाला असलेला रोध) एकदाच हवं. टी (एका केबलचे दोन फाटे करणारा जोड) लावून दोन मॉनिटर जोडले आणि दोन्हींचं टर्मिनेशन चालू राहिलं तर चित्र अंधारतं. कुठेच नसेल तर भडक दिसतं आणि लांब केबलवर कडांना सावली येते.

चित्रावर हळू सरकणारे आडवे पट्टे म्हणजे बहुतेक वेळा ग्राउंड लूप. कॅमेऱ्याची अर्थिंग आणि डीव्हीआरची अर्थिंग यांच्या व्होल्टेजमध्ये फरक असला की करंट कोअ‍ॅक्सच्या जाळीतून वाहतो. बीएनसी डीव्हीआरमधून काढा आणि त्याची बाहेरची कडी व डीव्हीआरची बॉडी यांच्यात एसी व्होल्टेज मोजा. व्होल्टभर दिसलं तरी कारण सापडलं समजा. मोठा आकडा आला तर बीएनसीला हात न लावता आधी वायरिंग तपासून घ्या. धातूच्या खांबावरचा कॅमेरा प्लास्टिकच्या बेसवर बसवला तर पुष्कळदा पट्टे तिथेच थांबतात. पट्टे घालवण्यासाठी डीव्हीआरच्या प्लगची अर्थिंग मात्र कधीही तोडू नका, ती जीव वाचवण्यासाठी आहे. बेसने भागलं नाही तर ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. कॅमेरा टीव्हीआय, सीव्हीआय किंवा एएचडी (तसल्याच केबलवरून एचडी चित्र पाठवण्याच्या पद्धती) असेल तर आयसोलेटरही एचडीचाच घ्या, कारण जुन्या सिग्नलसाठी बनवलेल्याने पट्टे जातील, पण चित्रही धूसर होईल किंवा येणारच नाही.