‘हुकूम मोडला’ म्हणून नोकरी गेली, त्याची गोष्ट

चार्जशीटमध्ये लिहिलं होतं ते खरंच होतं. सुपरवायझरने सांगितलेलं काम मी केलं नाही, आणि चार माणसांसमोर ‘नाही करणार’ म्हणालो. बहुतेक कामगार ‘मी असं बोललोच नाही’ म्हणून लढतात. मला ‘हो, बोललो’ म्हणून लढायचं होतं.

मी पूर्व उपनगरातल्या एका कंपनीच्या रेल्वे साइडिंगवर (कंपनीत माल आणणाऱ्या गाड्यांच्या रुळांवर) पॉइंट्समन. कंपनीचं नाव लिहीत नाही. रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, आत आली की वॅगन तोडून वेगवेगळ्या लाइनला लावायच्या, रिकाम्या झाल्या की जोडून परत द्यायच्या. ठरलेल्या वेळेत रेक सुटली नाही तर रेल्वे वॅगनमागे तासाच्या हिशेबाने डेमरेज (उशिराचा आकार) लावते, म्हणून रात्री साहेब लोकांच्या जिवाला घोर. वॅगन तोडायची तर एअर होज (ब्रेकची हवेची नळी) सोडवायला दोन वॅगनच्या मध्ये शिरावं लागतं. तेव्हा बाहेर दुसरा माणूस दिवा घेऊन उभा पाहिजे आणि तो ड्रायव्हरला दिसला पाहिजे. ओव्हरटाइम बंद झाला तसा रात्रपाळीतला हा दुसरा माणूस गेला. त्या रात्री धो धो पाऊस. ‘माणूस द्या, लगेच आत जातो,’ एवढंच माझं म्हणणं. सुपरवायझरने ‘कामास नकार’ असं लिहून टाकलं आणि सकाळी सस्पेन्शनचं पत्र गेटवरच हातात पडलं. पहिले नव्वद दिवस अर्धा पगार.

खुलासा दिला, तो ‘असमाधानकारक’ ठरला, डोमेस्टिक इन्क्वायरी, म्हणजे कंपनीची स्वतःची चौकशी, लागली. माझ्या बाजूने युनियनचे सेक्रेटरी बसले. मॉडेल स्टँडिंग ऑर्डरमध्ये (नोकरीच्या नियमांचा सरकारी नमुना) तसा हक्क होता. आम्ही एकच कागद मागत होतो, साइडिंगचं शिफ्ट रजिस्टर. आधी रात्री किती माणसं लागायची ते त्यात दिसलं असतं. दर तारखेला उत्तर एकच: ‘त्याचा इथे संबंध नाही.’ सेक्रेटरींनी मला सांगून ठेवलं होतं, कामकाजाच्या शीटवर सही कर, पण सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिही, ‘रजिस्टर मागितले, दिले नाही.’ इन्क्वायरी ऑफिसर चिडायचे, ‘हे काय निबंध लिहिताय?’ मी लिहीतच राहिलो.

डिसमिसलचं पत्र रजिस्टर पोस्टाने आलं. युनियनने लवादाचा प्रस्ताव दिला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १०अ खाली तेव्हा लवाद नेमता यायचा, पण दोन्ही बाजूंनी लेखी करार केला तरच. कंपनीने उत्तरही दिलं नाही. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, अमेरिकेत रेल्वे कामगारांची अशी भांडणं कायद्यानेच लवादासमोर जातात आणि तिथला दंडक असा, की आधी हुकूम पाळा, तक्रार मागाहून. जिवाला धोका असेल तरच सूट. ऐकायला बरं वाटलं, पण आम्हाला जायचं होतं वांद्र्याच्या लेबर कोर्टात.

तिथे तेव्हा दोन वाटा होत्या. एक म्हणजे त्याच १९४७ च्या कायद्याखाली रेफरन्स (सरकारने भांडण कोर्टाकडे पाठवणं), ज्यात कलम ११अ प्रमाणे कोर्ट शिक्षा कमी करू शकायचं. दुसरी महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रार, जिला सगळे ‘यूएलपी’ म्हणतात. यूएलपीला मुदत नव्वद दिवसांचीच, आणि एका दारातून आत गेलं की त्याच भांडणासाठी दुसरं दार बंद. बाईंनी यूएलपी घेतली, कारण चौथ्या शेड्यूलच्या पहिल्याच कलमात आमची दोन्ही दुखणी लिहिलेली आहेत: नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून केलेली इन्क्वायरी, आणि किरकोळ गैरवर्तनाला धक्कादायक वाटावी एवढी मोठी शिक्षा. (माझी केस नव्या लेबर कोडच्या आधीची आहे. आज जाणाऱ्याने वकिलाला विचारूनच वाट धरावी.)

मग तारखा. गोवंडीहून हार्बरने वडाळा, तिथे गाडी बदलून वांद्रे, आणि पुष्कळदा नुसती पुढची तारीख घेऊन परत. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

कोर्ट आधी एवढंच ठरवतं, की इन्क्वायरी ‘फेअर अँड प्रॉपर’ होती का. इथे माझे ते ‘निबंध’ कामी आले. मागितलेला कागद दिला नाही हे कंपनीच्याच शीटवर, माझ्या अक्षरात, त्यांच्या ऑफिसरच्या सहीशेजारी होतं. इन्क्वायरी उडाली. पण म्हणून कामगार जिंकत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. कंपनीला आरोप कोर्टात नव्याने सिद्ध करायची संधी मिळते. तशी ती मिळाली आणि सुपरवायझर साक्षीला उभे राहिले.

बाईंनी विचारलं, ‘हा आत वाकलेला असताना ड्रायव्हरला सिग्नल कोण देणार होतं?’

‘तोच देणार.’

‘दोन वॅगनच्या मधून?’

सुपरवायझर गप्प. जज साहेबांनी वर न बघता टायपिस्टला सांगितलं, ‘साक्षीदार उत्तर देत नाही, असं घ्या.’ स्टँडिंग ऑर्डरमध्ये गैरवर्तन म्हणजे ‘कायदेशीर आणि वाजवी’ हुकूम मोडणं. पहिल्या दिवसापासून कंपनी फक्त ‘मोडला’ वर बोलत होती, हुकूम वाजवी होता का यावर त्यांच्याकडून अवाक्षर नाही. बाईंनी सुप्रीम कोर्टाचा १९८७ चा रणजित ठाकूर निकालही दाखला म्हणून दिला. त्यात जेवणाचा हुकूम न पाळणाऱ्या जवानाला एक वर्ष कैद आणि बडतर्फी झाली होती, आणि सुप्रीम कोर्टाने पक्षपात आणि शिक्षेचा अतिरेक या कारणांवरून ती रद्द केली. लष्करात जे टिकलं नाही ते साइडिंगवर टिकवायचा यांचा आग्रह!

सगळ्यात कठीण माझी स्वतःची उलटतपासणी गेली. बॅक वेजेस, म्हणजे नोकरी नसतानाच्या काळाचा पगार, हवे असतील तर मधल्या काळात आपण कमावत नव्हतो हे कामगाराने शपथेवर सांगायचं असतं. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, ‘मग घर कसं चाललं?’ मी सांगितलं, बायको डबे करते, मी मिळेल तेव्हा टेम्पोवर माल चढवायला जायचो. घरी आल्यावर ही म्हणाली, ‘अहो, टेम्पोचं कशाला बोललात?’ निकालात बॅक वेजेस निम्मेच मिळाले, आणि कारण हेच दिलं होतं. कामावर परत घेणं आणि सलग सर्व्हिस मात्र पूर्ण मिळाली.

कंपनी वरच्या इंडस्ट्रियल कोर्टात रिव्हिजनला (ऑर्डर फेरतपासायला) गेली, तिथेही ऑर्डर कायम राहिली. मी हजर झालो तेव्हा रात्रपाळीच्या चार्टवर दोन नावं होती. थकलेली रक्कम एकदम आली आणि तिच्यावर टीडीएस कापला गेला. युनियन ऑफिसमधल्या पोराने आयकर कायद्याच्या कलम ८९ च्या सवलतीसाठी (थकबाकी एकदम आल्यामुळे वाढलेल्या करात सूट) फॉर्म १०ई ऑनलाइन भरून दिला, तोही रिटर्नच्या आधी. नंतर भरला असता तर सवलत नाकारली असती. पीएफचं मधल्या काळाचं भांडण अजून चालू आहे.