हिरवा मामा

शनिवार, २२ जून

पिकोलो आला, म्हणजे 'ड्रॅगन बॉल' या जपानी कार्टूनमधल्या हिरव्या योद्ध्याचा बाहुला. ओसाकाहून, आतेभावाच्या बॅगेतून, दोन स्वेटरांच्या मध्ये गुंडाळलेला. मागच्या खेपेला मी त्याला सांगून ठेवलं होतं की येताना चॉकलेटं आणू नकोस, एक बाहुला आण. तेव्हा तो पोट धरून हसला होता. पण गेला बिचारा निप्पोनबाशीच्या डेन-डेन टाउनमध्ये, जिथे असल्या खेळण्यांची दुकानं ओळीने आहेत, आणि जुना माल विकणाऱ्या एका दुकानातून उचलून आणला. खोक्याचा एक कोपरा दबलाय, तेवढ्यावर किंमत बरीच उतरली म्हणे. मला काय, मी खोकं थोडंच मांडणार आहे? (मांडणार आहे. कोपरा भिंतीकडे करून.)

पार्सलने मागवायचं धाडस मी आता करत नाही. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० च्या बजेटात २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ मध्ये ७० वर. देशात खेळणी बनावीत म्हणून, ते ठीक आहे. पण पिकोलो काही कर्नाटकातल्या लाकडी खेळण्यांच्या चन्नपट्टणात बनणार नाही, आणि सावंतवाडीत तर नाहीच.

संध्याकाळी टेबलावर उभा केला. आई चहा घेऊन आली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि निरखून म्हणाली, "फेटा बांधलाय, खांद्यावर शाल आहे. सत्काराला निघालाय का हा? आणि असा हिरवा का पडलाय?"

आता हे कोणी जपानी मूर्तिकाराला सांगितलं पाहिजे. मला तो पांढरा फेटा आणि ती पांढरी केप यापुढे शाल-श्रीफळाशिवाय दिसणारच नाही.

जेवण झाल्यावर दार लावून नीट बसलो. बंदाई या जपानी खेळणी कंपनीच्या एस. एच. फिगुआर्ट्स मालिकेतला हा बाहुला. मालिका २००८ ची, आणि त्यातल्या एस. एच.चा अर्थ 'सिम्पल स्टाइल, हिरोइक अ‍ॅक्शन' असा लावतात. ड्रॅगन बॉलमधलं त्यांनी पहिलं पात्र काढलं ते २००९ मध्ये, आणि ते म्हणजे गोष्टीचा नायक गोकू नव्हता, पिकोलो होता. हे वाचलं तेव्हा मला उगाचच अभिमान वाटला होता. आमच्या वर्गात सगळ्यांना गोकू व्हायचं असायचं. मारामारीला कोणीतरी समोर हवं म्हणून मला पिकोलो करायचे. मी मुकाट्याने भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभा राहायचो. त्याचंही निम्मं काम तेच होतं.

उंची साधारण वीतभर, सोळा सेंटीमीटरच्या आसपास. अंग एबीएस आणि पीव्हीसी प्लास्टिकचं. हिरवा रंग पोपटी नाही, तेलकट चमकणाराही नाही. अळूच्या पानाची मागची बाजू असते ना, तसा किंचित धुरकट. दंडावर आणि मनगटाच्या वर ते गुलाबी पट्टे आहेत आणि त्यांना बारीक आडव्या खाचा आहेत. खाचेवरून नख फिरवलं की खर्रर्र असा आवाज येतो. मी चार वेळा फिरवलं. बोटं पाच. ड्रॅगन बॉलचे जनक तोरियामा, त्यांच्या मूळ कॉमिकमध्ये पिकोलोच्या हाताला चारच बोटं आहेत, टीव्हीवर आला तेव्हा त्याला पाचवं मिळालं. बाहुला टीव्हीचा वारस आहे, म्हणून पाच. मोजून घेतली.

खरी परीक्षा माकानकोसाप्पोची, म्हणजे त्याच्या खास अस्त्राची. कपाळाला दोन बोटं लावून तो ती वळणावळणाची किरणं साठवतो, ती पोज. बऱ्याच बाहुल्यांचा हात नाकापर्यंत येतो आणि तिथे अडतो. मग तो किरणं सोडतोय की शिंक आवरतोय ते कळत नाही. याच्या कोपराला दोन सांधे आहेत, खांदा आतल्या बाजूला सरकतो. पंजा काढून दोन बोटांचा पंजा बसवला, हात दुमडला, आणि बोटं बरोब्बर कपाळावर टेकली. केप मात्र आधी काढावी लागली. ती कडक प्लास्टिकची आहे, चुण्या छान पाडल्यात, पण ती अंगावर असली की हात खांद्याच्या वर जात नाहीत. तक्रार नाही. मूळ गोष्टीतही ती वजनदार केप उतरवल्याशिवाय तो खरा लढत नाहीच. तो केप उतरवून फेकायचा आणि जमिनीवर धप्प व्हायचं, तेव्हा आम्हाला कळायचं की आता खरं सुरू झालं.

फिरवून फिरवून अकरा वाजले. उडी, लाथ, झेप, सगळं करून पाहिलं. उड्या मारायला स्टँड वेगळा घ्यावा लागतो, मी पुस्तकांचा टेकू दिला. शेवटी दोन्ही हात काढून खोक्यातला तो वेगळा तुकडा बसवला, अख्खी घातलेली हाताची घडी. केप परत चढवली. आणि मग काही करावंसं वाटेना. हाच तो. भिंतीला टेकलेला.

लाइट घालवताना एक आठवलं. मिरजेला आम्ही कार्टून नेटवर्कवर हे बघायचो तेव्हा भारनियमन जोरात होतं. फ्रीझा हा खलनायक म्हणाला, नामेक ग्रह, म्हणजे पिकोलोच्या जातीचा ग्रह, पाच मिनिटांत फुटणार. ती पाच मिनिटं किती एपिसोड पुरली देव जाणे. आणि त्यातल्या निम्म्यांना आमच्याकडे लाइट नव्हती. कित्येक वर्षं मला वाटायचं, ग्रह फुटायला उशीर होतोय तो महावितरणमुळे. तेव्हा वीज मंडळ म्हणत असू बहुतेक.

रविवार, २३ जून

ताई ईशानला सोडून गेली. दाजी बोटीवर आहेत, सहा महिन्यांचा करार, अजून अडीच शिल्लक. ईशान साडेचार वर्षांचा आहे. मी बाहुला वरच्या फळीवर, पुस्तकांच्या मागे ठेवला होता. त्याने तो किती वेळात शोधला हे लिहायची लाज वाटते. मी तोवर फक्त दूध आणायला गेलो होतो.

परत आलो तर खुर्चीवर खुर्ची, आणि पठ्ठ्या खाली फरशीवर बसलेला. एका हातात पिकोलो, दुसऱ्या हातात पिकोलोचा हात. ओठ थरथरत होते.

"मामा, ह्याचा हात तुटला. मी नाही तोडला. तो आपोआप तुटला."

पोटात गोळा आला, खोटं कशाला लिहू. हातातली पिशवी ठेवली आणि आधी सांधा पाहिला. तुटला नव्हता, खांद्यातला गोळा खोबणीतून निसटला होता. जास्त ओढलं तर मोडण्याआधी सुटावा अशीच त्याची रचना असते. दाबला, टक् झालं, बसला. ईशान बघतच राहिला.

आणि मग माझ्या लक्षात आलं की जगात एवढी पात्रं असताना याच्यासमोर पिकोलोचाच हात निघाला. मी म्हटलं, "अरे, याचं असंच असतं. याचा हात तुटला तरी नवीन उगवतो."

"पालीच्या शेपटीसारखा?"

"तसाच."

गोकूचा दुष्ट भाऊ रॅडिट्स याने त्याचा हात उडवला होता आणि त्याने तो नंतर ऊं करून परत उगवला होता, हे मी सविस्तर, आवाजासकट सांगितलं. चूक झाली. पुढचा तासभर पिकोलोचे हात एकूण चौदा वेळा उगवले. दर वेळी "ऊंऽऽ" मी करायचं.

बाकीची गोष्टही सांगावीच लागली. गोकू मरतो हे गाळायला बघत होतो, पण गाळलं तर पुढचं उभंच राहत नाही. रॅडिट्सला धरून ठेवलेला गोकू, आणि पिकोलोची किरणं दोघांच्याही आरपार. मग पिकोलो गोकूच्या चार वर्षांच्या पोराला, गोहानला, उचलून नेतो. सहा महिने रानात एकट्याला सोडून देतो, पुढचे सहा महिने लढायला शिकवतो. स्वतःच्या कपड्यांसारखे कपडे करून देतो. "त्याची आई कुठे होती?" ईशानने विचारलं. रास्त प्रश्न आहे. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

एक गोष्ट त्याला सांगितली नाही, इथे लिहून ठेवतो. त्या जगाचं कॅलेंडर लावलं तर पिकोलोचा जन्म ७५३ सालचा आणि गोहानचा ७५७ चा. म्हणजे तो दांडगा, कपाळावर आठ्या घालणारा गुरू त्या वेळी जेमतेम आठ वर्षांचा होता. अंड्यातून निघाला तो गोकूला मारायचं एवढं एकच काम घेऊन, आणि गळ्यात पडलं त्याचंच पोर. नापा नावाच्या शत्रूच्या माऱ्यापुढे तो गोहानला पाठीशी घालून उभा राहतो आणि मरतो, ते मी अकरा-बाराव्या वर्षी पाहिलं होतं. रडलो नव्हतो. तोंड धुवायला गेलो होतो.

नावांची गंमत मात्र ईशानला भयंकर आवडली. गोहान म्हणजे जपानीत भात. नामेक हे नाव बिनशंखाच्या गोगलगाईच्या जपानी शब्दावरून आलंय. पिकोलो ही तर बासरी, आणि त्याच्या बापाच्या राक्षसांची नावंही टँबोरिन, सिंबल, ड्रम, पियानो. "म्हणजे गोगलगाईने भाताला मोठं केलं," ईशानने हिशेब लावला आणि गडाबडा लोळला. जेवताना भाताला हात लावेना. "हा गोहान आहे." शेवटी आईने त्याला पोळी भरवली, आणि माझ्याकडे जे पाहिलं ते लिहिण्यासारखं नाही.

पिकोलो काही खात नाही, फक्त पाणी पितो, हे सांगितल्यावर त्याने बाटलीच्या झाकणात पाणी आणून त्याच्यासमोर ठेवलं. पाणी निम्मं पिकोलोच्या बुटांवर सांडलं. मी टिपून घेतलं, सांध्यात फुंकर मारली. पावसाळ्यात या प्लास्टिकची वेगळीच धास्ती असते. बंद कपाटात कोंदट हवा राहिली की पीव्हीसीतला तेलकट अंश बाहेर येतो आणि अंग चिकट होतं. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या मी जपून ठेवतो त्या यासाठीच. पण साडेचार वर्षांच्या मुलासाठी कुठली पुडी ठेवायची?

रात्री ताई न्यायला आली तेव्हा तो झोपला होता. मी आवरायला बसलो. पंजे मोजले, चेहरे मोजले. घडीचा तुकडा नाही. सोफ्याखाली नाही, गादीखाली नाही. केराच्या डब्यातसुद्धा हात घालून पाहिला.

शनिवार, ६ जुलै

दोन आठवडे पिकोलो माकानकोसाप्पोच्या पोजमध्येच उभा आहे. कपाळाला दोन बोटं. पालख्या आल्या, गेल्या, पाऊस लागला, हा आपला विचारातच. छान दिसतो, कोणीही बघून छान म्हणेल. मला मात्र तो सारखा ताटकळलेला वाटतो. दोन दिवसांनी बोटं खाली घेतली, हात नुसते लोंबते सोडून पाहिले. बसच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसासारखा दिसला. परत कपाळाला लावली.

मार्चमध्ये तोरियामा गेल्याची बातमी आली, त्या दिवशी मी ऑफिसात कोणाला काही बोललो नव्हतो. त्यांनाही प्लास्टिकची मॉडेलं जोडायचा भारी नाद होता. असा एखादा तुकडा हरवल्यावर ते सोफ्याखाली टॉर्च मारत पालथे पडलेत, असं चित्र मनात येतं. २०२२ च्या ड्रॅगन बॉल सिनेमाची कथा त्यांनीच लिहिली होती. त्यात पिकोलो गोहानच्या तीन वर्षांच्या मुलीला शिकवतो, आणि तिचे आईबाप कामात म्हणून तिला बालवाडीतून आणायचं कामही त्याच्याच गळ्यात पडतं. थिएटरात लोक त्याला हसले. मी कसा हसणार? दर गुरुवारी पावणेबाराला फाटकापाशी छत्री घेऊन कोण उभं असतं?

आज दुपारी ताईचा फोटो आला. ईशानच्या दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात, रुमालात गुंडाळलेला, हिरवा-गुलाबी तुकडा. खाली तिचा मेसेज: "हे काय आहे? रोज शाळेत नेतो. डब्याच्या वेळी बाकावर ठेवतो म्हणे."

संध्याकाळी जाऊन आणला. ईशानने तो लगेच दिला नाही. आधी विचारलं, "त्याचे दुसरे हात उगवलेत ना पण? मग हे कशाला?" म्हटलं, हे उभं राहायचे हात आहेत. त्याला पटलं असावं. मुठीतून सोडले.

पोळीचं तूप लागलं होतं, खाचांमध्ये गुळाचे कण. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून जुन्या टूथब्रशने घासला, पंख्याखाली वाळवला. डाव्या कोपरावर रंगाचा एक टवका उडालाय, तांदळाच्या कणीएवढा. केप चढवली की दिसत नाही.