इन्शुलिनची परवानगी आणि रेकॉर्ड रूमचे बावीस दिवस – माझा अनुभव

इन्शुलिन घेऊन शर्यती करायच्या परवानगीचं काम होऊन आता कितीतरी महिने झाले तरी हॉस्पिटलच्या गेटबाहेरचं झेरॉक्सचं दुकान बघितलं की माझं डोकं फिरतं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. अजून कुणाला लागणार असेल तर त्याचे तरी बावीस दिवस वाचतील.

मला टाइप 1 डायबेटिस आहे, अकराव्या वर्षापासून. आणि मी सायकलची रोड रेसिंग करतो. घर भांडुपला, पहाटे साडेचारला बाहेर पडायचं, हायवेने ऐरोली, तिथून पाम बीच, रविवारी जमलं तर खोपोलीपर्यंत जाऊन जुन्या रस्त्याने बोरघाट. रोज चार-पाच वेळा इन्शुलिन टोचतो. आता गंमत अशी की इन्शुलिन वाडाच्या, म्हणजे खेळातलं डोपिंग रोखणाऱ्या जागतिक संस्थेच्या, बंदी असलेल्या औषधांच्या यादीत आहे, आणि नुसतं शर्यतीच्या दिवशी नाही, बाराही महिने. ज्याला गरज नाही तो घेतो कारण स्नायूत साखर पटापट भरली जाते आणि स्नायू झिजत नाहीत. मी घेतो कारण नाही घेतलं तर दोन दिवसांत आयसीयू. पण डोपिंग टेस्टच्या लघवीच्या बाटलीला हे कळत नाही, त्यामुळे कागद लागतो. त्या कागदाला टीयूई म्हणतात, म्हणजे आजारपणामुळे बंदीतलं औषध वापरायची सूट.

खरं सांगायचं तर बरीच वर्षं मी हा कागद काढलाच नव्हता. राज्य स्पर्धा, मुंबई-पुणे, इकडच्या तिकडच्या क्रिटेरियम (छोट्या रस्त्यावर फेऱ्या मारायच्या शर्यती), कुणी कधी टेस्टला बोलावलं नाही आणि मीही विचार केला नाही. आता आठवलं की पोटात गोळा येतो. सापडलो असतो तर "मला माहीत नव्हतं" हे कोणी ऐकत नाही, शरीरात काय सापडलं त्याला खेळाडूच जबाबदार, असा नियमच आहे. तुमच्या ओळखीत कोणी डायबेटिसवाला पोरगा शर्यती करत असेल तर त्याला आजच सांगा.

जाग आली ती 2024 मध्ये. मी 24चा, म्हणजे एलिट गटात, आता "उगवता खेळाडू" वगैरे म्हणायचीही सोय नाही. आपल्याकडे सायकलिंगमधलं करिअर म्हणजे रेल्वे नाहीतर सर्व्हिसेसची, म्हणजे सैन्यदलातली, नोकरी, आईचं तर अजून तेच चालू असतं, रेल्वेत लाग रे बाबा. पण माझ्या डोक्यात टीम नोवो नॉर्डिस्क घुसलेली. त्या टीमचे सगळेच्या सगळे रायडर टाइप 1वाले, आणि त्यांनी मिलान–सान रेमोसारखी जवळपास 300 किलोमीटरची शर्यत केली आहे, तीही दंडाला साखर मोजणारा सेन्सर चिकटवून. ते बघून मी बाहेरच्या टीम्सना मेल टाकत सुटलो. तीस-पस्तीस मेल, आणि एका छोट्या कॉन्टिनेन्टल टीमचं उत्तर आलं. कॉन्टिनेन्टल म्हणजे वरून खाली बघितलं तर तिसरा थर, आधी वर्ल्डटीम, मग प्रोटीम, मग हे. वर्ल्डटीमच्या रायडरला नियमाने ठरलेला किमान पगार मिळतो, इथे तसं काही नाही, खोली, सायकल आणि बक्षिसातला वाटा, एवढ्यावरच बरेच जण राबतात. तरी मी घरभर नाचलो. मेल दोन ओळींचा होता, तुझे पॉवरचे आकडे बघितले, आधी टीयूई पाठव मग कराराचं बोलू, सहा आठवडे आहेत.

फॉर्म डाउनलोड केला, माझा भाग भरला, डायबेटिसच्या डॉक्टर मॅडमनी त्यांचा भाग भरला, ते सगळं दोन दिवसांत झालं. अडकलो ते एका ओळीत. निदानाचे पुरावे जोडा.

मी वाचलं काय, तर निदान झालं तेव्हाचे मूळ कागद जोडा. 2011 च्या जुलैमध्ये मी एका महापालिका हॉस्पिटलात नऊ दिवस होतो. महिनाभर नुसता पाणी पीत होतो, वजन उतरलेलं, आणि अशक्तपणा आलाय म्हणून आई दिवसातून तीनदा ग्लुकोज पावडरचं पाणी पाजत होती. दाखल केलं तेव्हा साखर 500 च्या वर. डिस्चार्ज कार्ड होतं घरी, पण चाळ सोडून बिल्डिंगमध्ये आलो त्यात कुठेतरी गेलं. म्हणलं हॉस्पिटलात असेलच की.

पहिल्या दिवशी केसपेपरच्या खिडकीवर गेलो, तिथून सांगितलं रेकॉर्ड रूम, रेकॉर्ड रूम तळमजल्यावर मागच्या बाजूला, कँटीनच्या पुढे. तिथे दाराला अर्धी फळी लावलेली आणि तिच्यावर कोपर टेकून एक काका. मी सगळं सांगितलं, सायकल, शर्यत, परदेश. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आयपीडी नंबर?" म्हणजे भरती पेशंटचा नंबर, तो त्या डिस्चार्ज कार्डावर असतो. कार्ड हरवलं म्हणूनच तर आलोय. "मग नंबराशिवाय कसं शोधणार बाळा?"

अर्ज दे म्हणाले. अर्ज दिला तर आवक-जावकला शिक्का मारून आण. आवक-जावक दुसऱ्या मजल्यावर, तिथे मॅडम जेवायला गेलेल्या. शिक्का मिळाला तोपर्यंत रेकॉर्ड रूमची वेळ संपली. दुसऱ्या दिवशी शिक्का घेऊन गेलो तर आधारची झेरॉक्स नाही. गेटवरून झेरॉक्स आणली तर तिच्यावर सही नाही. सही केली तर आता पेशंट तेव्हा अज्ञान होता म्हणून पालकाची सही. मी म्हणलं काका, आता मला दाढी आहे. ते म्हणाले, अर्जात वय 11 लिहिलंयस.

असे दिवस जात राहिले. एक दिवस साहेब राउंडला, एक दिवस साहेब ट्रेनिंगला, एक दिवस साहेब आहेत पण चावी ज्या मामांकडे ते सुट्टीवर. मी पहाटे तीन तास सायकल मारून, अंघोळ करून, दहाला तिथे. फळीसमोरच्या बाकावर बसून इन्शुलिन घ्यायचो तर शेजारच्या आजी विचारायच्या, इथेच टोचतात का? एकदा तर उभ्या उभ्या साखर 58 ला गेली आणि मी काकांसमोरच ग्लुकोज बिस्किटांचा पुडा संपवला. तेव्हा मात्र काका उठले, स्वतःचा चहा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, चल आत, तूच शोध.

आत म्हणजे काय सांगू. छतापर्यंत रॅक, सुतळीने बांधलेले गठ्ठे, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि गठ्ठ्यांवर वर्षं खडूने लिहिलेली, त्यातली निम्मी पुसलेली. 2011 चे जून आणि ऑगस्ट सापडले. जुलै नाही. मामा म्हणाले जुलैचे खालच्या रॅकला होते, पाणी शिरलं होतं तेव्हा गेले असतील. काका म्हणाले नाही नाही, असतील, शोधतो. हे "शोधतो" मला सगळ्यात महागात पडलं. सरळ नाही म्हणाले असते तर मी दुसऱ्याच दिवशी दुसरा मार्ग धरला असता.

शेवटी भरतीचं रजिस्टर निघालं. त्यात माझी एक ओळ होती, तीही निळ्या शाईत पसरलेली. नाव प्रणवचं प्रणय, आणि 11 मधला दुसरा एक असा वाकडा की 17 वाचावं. त्याचा शिक्क्यासकट उतारा मिळाला एकविसाव्या दिवशी, उताऱ्यात अर्थातच प्रणय, वय 17. दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज.

बाविसाव्या दिवशी तो उतारा घेऊन डॉक्टर मॅडमकडे गेलो, जवळजवळ रडायला आलेलो. त्यांनी कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "हे कुणी मागितलं?" म्हणलं फॉर्ममध्ये आहे. त्या म्हणाल्या, अरे, टाइप 1 आहे हे आजच्या रक्तातही दिसतं, सी-पेप्टाइड आणि अँटिबॉडी टेस्ट कर, एचबीएवनसी आहेच, गेल्या पाच वर्षांची माझी फाइल आहे, मी सविस्तर पत्र लिहिते. मला आधी विचारलं का नाहीस?

का नाही विचारलं! कारण मला वाटलं मला इंग्रजी वाचता येतं.

लॅबचे रिपोर्ट चार दिवसांत आले, पत्र दोन पानांचं, अर्ज गेला. एकदा परत आला, पण ती माझीच चूक, मी इन्शुलिनचं कंपनीचं नाव लिहिलं होतं आणि डोस "गरजेनुसार". औषधाचं मूळ नाव लिहायचं, डोस किती ते किती, दिवसातून किती वेळा, कसं घेता, सगळं. आणि डॉक्टरांच्या अक्षरावर विसंबू नका, शेजारी बसून कॅपिटलमध्ये लिहून घ्या. अर्ज शर्यतीच्या किमान 30 दिवस आधी जायला हवा, माझे 22 कुठे गेले ते वर लिहिलंच आहे, म्हणून टीमला मेल करून दोन आठवडे मागून घ्यावे लागले. तो मेल लिहिताना जेवढा घाम फुटला तेवढा बोरघाटातही फुटत नाही.

हो, अर्ज कुणाकडे करायचा ते आधी नक्की करा. राष्ट्रीय पातळीवरचा खेळाडू असाल तर नाडाकडे (वाडासारखीच, पण भारतातली संस्था), यूसीआयच्या, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या, हिशेबाने आंतरराष्ट्रीय झालात तर यूसीआयकडे. तो 11 आकडी यूसीआय आयडी असतो ना लायसनवर, तो हाताशी ठेवा. आणि हॉस्पिटलचे कागद लागतीलच असं असेल तर हे माहीत असू द्या, भरती पेशंटचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षं ठेवायचे असा नियम आहे, आणि त्या मुदतीत मागितले तर 72 तासांत द्यायचे. म्हणजे आज डिस्चार्ज झाला असेल तर आजच सगळ्याची प्रत घ्या, तेरा वर्षांनी जाऊ नका.

परवानगीचा मेल आला तेव्हा मी ऐरोलीच्या पुलावर होतो, उतरून कठड्याला टेकून तीनदा वाचला. घरी सांगितलं तर आईने विचारलं, मग आता पगार किती? मी म्हणलं खोली मिळेल. ती आत गेली आणि कुकर लावला.

सीझनचं थोडक्यात सांगतो. पहिल्या चार शर्यतींत तीन वेळा ठरलेल्या वेळेच्या मर्यादेबाहेर, एकदा 61वा. माझं काम टीममधल्या बाकीच्यांना बाटल्या आणून द्यायचं आणि त्यांच्यापुढे राहून वारा अंगावर घ्यायचं. शर्यत सुटण्याआधी धडधडीने साखर 240 ला जायची आणि पहिल्या तासात धपकन खाली, ते गणित बसायला मे उजाडला. पाचव्या शर्यतीनंतर टेस्टला नाव आलं, खोलीत बसून तीन बाटल्या पाणी प्यायलो तेव्हा कुठे लघवी झाली, अधिकाऱ्याने गेल्या सात दिवसांतली औषधं विचारली, मी इन्शुलिन म्हणालो, त्याने मान वर केली, मी कागद पुढे सरकवला. त्याने नंबर उतरवून घेतला. अर्धा मिनिट.

अजून एक राहिलं. विमानात इन्शुलिन हँडबॅगेतच ठेवा, खाली सामानात गोठलं तर ते फेकूनच द्यावं लागतं. आणि टीयूईची एक प्रत सायकलच्या बॉक्समध्येही टाका. झेरॉक्स मात्र दुसऱ्या कुठल्यातरी दुकानातून काढा, त्या गेटवरचा दोन रुपयांच्या पानाला पाच घेतो.