परदेशात पोलिसांना शिकवायला गेलेल्यांना कायदा कुठला?

बोस्नियातल्या मुलींच्या तस्करीचं प्रकरण परत वाचलं आणि डोकं भणभणलं. तिथलं युद्ध थांबवणाऱ्या 1995च्या डेटन शांतता करारातून युनोची पोलीस टास्क फोर्स तिथे आली, वेगवेगळ्या देशांचे पोलीस, हातात शस्त्र नाही, काम म्हणजे तिथल्या पोलिसांना शिकवायचं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. पण करारातच लिहिलेलं की या लोकांना तिथे अटक करता येणार नाही, फौजदारी खटल्यापासून पूर्ण इम्युनिटी, म्हणजे संरक्षण! बरं, मग मायदेशाने तरी बघावं ना? अमेरिकेचे पोलीस डाइनकॉर्प या खाजगी कंपनीच्या कॉन्ट्रॅक्टवर, आणि परदेशातल्या कॉन्ट्रॅक्टरवर खटला भरायचा 2000चा अमेरिकन कायदा मुळात सैन्याबरोबर असणाऱ्यांसाठी, आणि हे पोलीस तर परराष्ट्र खात्याच्या कामावरचे, म्हणून तो यांना लागेलच असं नाही.

याच मिशनवर गेलेल्या, अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या पोलीस कॅथरीन बोल्कोव्हॅक यांनी ईमेलने वरिष्ठांना कळवलं की मुलींच्या तस्करीत मिशनमधलेच काही लोक गुंतलेत, तर त्यांचीच नोकरी गेली. 2002 मध्ये ब्रिटनच्या ट्रिब्युनलमध्ये त्या जिंकल्या, पण ती केस नोकरीवरून काढल्याची. त्या मुलींचं काय? मला अजून संताप येतो.

आपलेही पोलीस मिशनवर जातात, 2007 मध्ये लायबेरियात आपली महिला तुकडी गेली होती. भारतीय नागरिकाने बाहेर केलेला गुन्हा इथे चालवता येतो, फक्त केंद्राची परवानगी लागते. पण पुरावे, साक्षीदार सगळे तिकडेच, त्यांना इथल्या कोर्टापुढे कोण आणणार हे मिशन निघायच्या आधीच लिहून घ्या, एवढी माझी मागणी आहे.